अर्धे कापलेले केस

"घराजवळच्या कॉलेजात साधं कॉमर्स कर. आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्र म्हणे! काय करणार ते शिकून?"

आईने कात्री थांबवून हे विचारलं, तेव्हा लेकीचे एका बाजूचे केस कापून झाले होते आणि दुसऱ्या बाजूचे तसेच लोंबत होते. उठून जायची सोय नव्हती. पार्लर आईचं, खुर्ची आईची, वाद घालायला बरी हीच वेळ सापडली तिला!

लेक आधीच कावलेली होती. उद्या त्याच कोर्सची मुलाखत. याआधी दुसऱ्या एका कॉलेजच्या मुलाखतीत तीन परीक्षकांसमोर तिची दातखीळ बसली आणि हाताशी आलेली जागा गेली. आता ही शेवटची संधी. आज आईने पाठीशी राहू नये, याचं तिला फार वाईट वाटलं.

"मोठ्या कंपनीत जायचंय ना तुला?" औषधाच्या दुकानवाल्या काकूंनी मध्येच नाक खुपसलं. त्यांचे केस केव्हाच कापून झाले होते, तरी त्या हलायचं नाव घेत नव्हत्या. "मग माल विकायला शीक की. देशोदेशीची उठाठेव कशाला?"

"नाहीतर काय! गिऱ्हाईक इथून तिथून सारखंच," शेजारच्या शिंपीणबाईंनी री ओढली.

आरशातून तिघी तिच्याकडे रोखून बघत होत्या. लेकीचा पारा चढला.

"काकू, तुमच्याकडे ते खोकल्याचं औषध मध्यंतरी का मिळत नव्हतं? त्यातली एक भुकटी दुसऱ्या देशातून येते. त्यांनी पाठवणं थांबवलं, इथे तुमचं कपाट रिकामं! आणि बाई, तुमचं कापड स्वस्त झालं ते सरकारने बाहेरच्या मालावरचा कर उतरवला म्हणून. विकायला मी कुठेही शिकेन गं आई. पण हे असं का होतं, पुढे काय होईल, हे ज्याला आधी कळतं त्यालाच देशोदेशी धंदा करता येतो. मला तेच करायचंय. म्हणून हाच कोर्स!"

एका दमात बोलून ती धापा टाकायला लागली.

काकूंनी पर्स उचलली. "चला, माझं काम झालं," म्हणत त्या हसतहसत बाहेर पडल्या. शिंपीणबाईही त्यांच्यामागे निघाल्या.

आईने उरलेले केस सारखे केले. मानेवरचे बारीक केस झटकले आणि लेकीच्या डोक्यावर हात ठेवला.

"ठमे, उद्या अशीच बोल," ती म्हणाली. "तिथेही समोर तिघंच असतात ना?"