एका पायातला मोजा

गुडघाभर लाल-पिवळे चेंडू. ‘मोज्यांशिवाय आत प्रवेश नाही’ अशी पाटी. कोर्टाने ठरवून दिलेला शनिवार. भिंगरीचा एक उघडा पाय.

“पुन्हा हरवलास?” आईने कपाळावर हात मारला.

बाबाने भिंगरीला आईच्या हवाली करायची, ती या खेळघरात. एरवी त्या दोघांत विस्तव जात नसे. पण दर शनिवारी निघायच्या वेळी भिंगरीचा एक मोजा चेंडूंत हरवायचा आणि दोघांना शेजारी शेजारी ओणवं होऊन तो शोधावा लागायचा. शेवटी सापडायचा तो भिंगरीलाच. मागच्या वेळी बाबाच्या टाळक्यात वरून चेंडू आदळला, तेव्हा आई चक्क खळखळून हसली होती.

आजही बाबा बाह्या सरसावून उतरणार, तोच आईने पर्समधून मोज्यांची नवी जोडी काढली.

“राहू दे. दर वेळी कोण कंबर मोडून घेणार?”

“बरं केलंस. सुंठीवाचून खोकला गेला,” बाबा म्हणाला आणि भिंगरीचा पापा घेऊन निघालासुद्धा.

भिंगरीने भोकाड पसरलं.

“अगं वेडाबाई, मिळाले ना मोजे? आता रडायला काय झालं?” आई तिच्या पायात नवा मोजा चढवत म्हणाली. भिंगरीच्या फ्रॉकच्या खिशातून जुन्या मोज्याचं टोक बाहेर लोंबत होतं, तिकडे आईचं लक्षच नव्हतं.

पहिल्या शनिवारी मात्र मोजा खरोखरच हरवला होता.