एक खिळा

विमा एजंटचा आवाज रिकाम्या खोलीत घुमत होता. “काका, आग, पाणी, चोरी, एवढं झालं. भाडेकरूंनी केलेलं नुकसानही घालू ना? लोक भिंतींना खिळे ठोकतात.” बाबा भिंतीवरून सावकाश सरकत जाणारं ऊन बघण्यात हरवले होते. भाड्यानं द्यायला घेतलेलं त्यांचं हे पहिलंच घर. स्वतः मात्र ते जन्मभर भाडेकरूच राहिले. आईनं हौसेनं आणलेलं घड्याळ प्रत्येक घरात खुर्चीवर टेकून चाललं, कारण खिळा ठोकायला कुठलाच घरमालक हो म्हणाला नाही. किती वाजले ते बघायला आई शेवटपर्यंत वाकत राहिली. “तेवढं सोडून सगळं घाला,” बाबा म्हणाले. एजंट गेल्यावर त्यांनी पिशवीतून हातोडी काढली आणि आईची नजर सहज जाईल अशा उंचीवर एक खिळा ठोकला. “हा कशाला?” मी विचारलं. “येतील त्यांना विचारावं लागू नये म्हणून.”