म्हाकूबाबांची गाठ

म्हाकूबाबा धनगर दवाखान्यात शिरले ते गावातली झाडून सगळी कुत्री मागं घेऊनच. साखर आटोक्यात राहावी म्हणून त्यांच्या यकृतात माणसाळवलेल्या जंताची गाठ बसवली होती. ती आतल्या आत इन्सुलिन करायची आणि बाबा मजेत जिलेबी हाणायचे.

"असं फार क्वचित होतं," डॉक्टर कांचन म्हणाल्या. "हा जंत मूळचा कुत्र्याच्या पोटातला. जुन्या घराच्या ओढीनं तो वास सोडून कुत्र्यांना बोलावतोय. गाठ काढून टाकू, पण मग जिलेबी बंद."

"काढू नगा, बाई!" बाबा घाईनं म्हणाले. "एवढी कुत्री बघून लांडगा मेंढरांकडं फिरकंना झालाय. उलट अशीच एक गाठ आमच्या म्होरक्या मेंढ्याला बसवा. राखणीला कुत्री त्याच्यामागं जातील, आन् औंदा मी घरात खाटंवर निजंन!"