पटकथेतला गुणी मुलगा

"मुलगा खोटा आहे," बाई म्हणाल्या आणि चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले.

लेखकाने मान डोलावली. मान डोलवायची त्याला आता सवयच झाली होती. हा पटकथेचा तिसरा खर्डा. निर्मात्याने स्वच्छ सांगून ठेवलं होतं, या बाई हो म्हणाल्या तर पुढे बोलू, नाहीतर विषय संपला. लोकांच्या पटकथा वाचून त्यातलं काय बिघडलंय ते सांगायचं, हाच बाईंचा धंदा. वाचताना जिथे जांभई येईल तिथे समासात लाल टिंब काढायची त्यांची पद्धत होती. त्याच्या पानांवर नुसता गोवर उठला होता.

भिंतीशी, चाकांच्या खुर्चीत, त्याची आई डोळे मिटून बसली होती. तिला सांभाळायला येणारी मुलगी आज उगवलीच नाही, म्हणून बरोबर आणावं लागलं. "तिला झोप लागलीय," असं त्याने आल्या आल्या सांगून टाकलं होतं. पटकथेतली अंथरुणाला खिळलेली आई हीच, हे मात्र सांगितलं नव्हतं.

"वर्षानुवर्षं हा आईला उचलतोय, धुतोय, भरवतोय," बाई पानं उलटत म्हणाल्या, "आणि एकदाही आवाज चढत नाही? इतका गुणी मुलगा माझ्या तरी बघण्यात नाही. आणि मला दोन आहेत."

"मॅडम, प्रेक्षकांना वाटेल की..."

"प्रेक्षकांचं राहू द्या. मला झोप आली त्याचं बोला. कुणाला घाबरून लिहिलंय हे?"

तो समासातली लाल टिंबं मोजू लागला.

"आणि ती आई. सोशिक, हसतमुख, कुरकुर म्हणून नाही. अहो, अशा घरात माणसं एकमेकांचा जीव खातात. ते कुठाय यात? हे असंच राहिलं तर मी नाही म्हणून कळवणार. वाईट वाटून घेऊ नका."

वाईट वाटून घ्यायलाही अंगात त्राण लागतं. त्याने पानं गोळा करायला घेतली. आता घरी जायचं, आईला भरवायचं, चादर बदलायची, कूस वळवायची, आणि मग चौथा खर्डा. नकोच ते. पुरे झालं, असं त्याला अगदी आतून वाटलं.

"ओरडतो की," भिंतीकडून आवाज आला.

दोघंही वळले. आईचे डोळे मिटलेलेच होते.

"परवाच ताट आपटलं. सगळा भात पलंगाखाली. मरत का नाहीस एकदाची, असंही म्हणाला. मग स्वयंपाकघरात जाऊन रडला. मला ऐकू जाऊ नये म्हणून भांडी वाजवत होता. जसं काही मला कळतच नाही!"

"आई!" त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाईंनी चष्मा परत चढवला. "मावशी, म्हणजे यातली आई तुम्ही?"

"छे हो. ती कुणी देवी आहे. मी कसली सोशिक! हा लिहायला बसला की मी हाक मारते. पाणी दे म्हणते. मुद्दाम. तहानबिहान काही लागलेली नसते."

"मग कशाला?"

"टेबलाशी बसला की हा घरात नसतो. मी एकटी पडते." आई थांबली. "भीती वाटते हो मला."

बाईंनी हातातलं लाल पेन खाली ठेवलं. मग लेखकाला म्हणाल्या, "हे लिहिलं असतंत, तर मी जागी राहिले असते."

लेखक हातातल्या गठ्ठ्याच्या कडा उगाच जुळवत राहिला.

"माहीत होतं मला," तो शेवटी म्हणाला.

"काय माहीत होतं?" आईने विचारलं.

"तुला तहान नसते ते."

"मग दर वेळी उठून कशाला यायचास?"

तो फार थकला होता. थकलेल्या माणसाला खोटंसुद्धा नीट जुळवता येत नाही.

"पुढचं वाक्य सुचायचं नाही," तो म्हणाला. "तू कधी हाक मारतेस, याचीच वाट बघत बसायचो."

आईने आता कुठे डोळे उघडले. त्याच्याकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, परत त्याच्याकडे बघितलं.

"अरे मेल्या," ती म्हणाली, "मग तहान नसताना एवढं पाणी मी कशाला प्यायले?"