अळणी वरण

दीक्षाचं जलविज्ञानाचं एम.एस्सी. म्हणजे एक पोरगी आणि तीन विषयांचे तीन सर. त्यांचं एकमत व्हायची सोयच नाही. अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यातली तिच्या घरची खारी विहीर पावसाचं पाणी मुरवून गोड होईल का, यावर तर ते वर्षभर भांडले. शेवटी तिनंच पावसाळ्याआधी गावी जाऊन विहिरीजवळ खड्डा खणून घेतला. आता पावसाळा सरल्यावर अमरावतीत विहिरीच्या पाण्याच्या तपासणीच्या निकालाची वाट बघत ती नखं खात बसली होती, तेवढ्यात मायचा फोन आला.

"आजचं वरण पार अळणी झालं पोरी. तुहे बाबा ताटावर रुसून बसले."

"मीठ टाकायचं विसरली असशील माय."

"विसरीन काहून? आपल्या विहिरीच्या पाण्यात शिजवलेल्या वरणाले कधी मीठ लागलं होतं का?"