एक बटण सोडून

मी बाजारातून आले तर टीव्हीखालचा छोटा कॉम्प्युटर पुन्हा बंद. गेल्या वर्षी वारलेल्या सासऱ्यांचं तबलावादन जुन्या हार्ड डिस्कवर होतं. ते या कॉम्प्युटरवर उतरवलं की घरातल्या कुठल्याही फोनवर ऐकता येणार होतं. डिस्क मात्र आता कुरकुरायला लागली होती.

"साडी पिकोला टाकून आले," सासूबाई म्हणाल्या. "बाहेर पडताना सगळी बटणं बंद करायची, ही ह्यांचीच शिस्त."

"आई, बाकी सगळी करा. हे एक चालूच राहील. डिस्क गेली तर बाबांचा तबला पुन्हा ऐकायला मिळायचा नाही."

मी बटणावर चिकटपट्टी लावली आणि सगळं पहिल्यापासून उतरवायला घेतलं. सासूबाईंनी कॉम्प्युटरवर तळहात टेकवून पाहिला. तो कोमट होता.

संध्याकाळी आम्ही तिघं लग्नाला निघालो. नवरा सवयीने एकेक बटण बंद करत टीव्हीपाशी आला. सासूबाई जरीची साडी नेसून तिथेच खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"याला हात लावू नकोस," त्या म्हणाल्या. "ह्यांचा रियाज चाललाय. तुम्ही दोघं जाऊन या."