दुसरी नळी

सोमवार, ११ एप्रिल २०१६ रोजी सरजाबाईंचं रक्त घेतलं गेलं. मंगळवारी सकाळी दहा वीसला लातूरच्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतल्या फ्रीजमध्ये त्यांच्या नावाच्या दोन नळ्या होत्या.

सरजाबाई म्हणजे तिथे तपासण्या करणाऱ्या संघमित्राची आई. टँकरच्या पाण्यातून लिजिओनेला जिवाणूचा न्यूमोनिया झाल्याचा संशय होता आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. या तपासणीला रक्त दोनदा लागतं, आजारपणात एकदा आणि तीन आठवड्यांनी पुन्हा.

दुसऱ्या नळीवर तारीख होती २ मे. अक्षर संघमित्राचंच. तिने प्रयोगशाळेच्या शिपायाला हाक मारली.

"पंढरीमामा, ही कुणी ठेवली?"

"मला काय म्हाईत, बाई? कुलूप तर तूच काढलंस की."

तिने दोन्ही नळ्या तपासून परत ठेवल्या. दुसरीत प्रतिपिंडं, म्हणजे या जिवाणूशी लढणारी रक्तातली प्रथिनं, पहिलीच्या सोळापट निघाली. म्हणजे निदान पक्कं, आणि २ मेला आई जिवंत!

"मामा, माय जगती माझी!"

"मग पेढे आण. नुसती नाचून राहिलीस!"

तिने वॉर्डात कळवलं. औषध बदललं. दुपारी आईने चहा मागितला, वर साखर कमी म्हणून कुरकुरही केली.

संध्याकाळी सहाला संघमित्राने गुणगुणत फ्रीज उघडला. पहिली नळी गारठली होती. दुसरी, आत्ताच हाताच्या शिरेतून रक्त काढावं तशी, कोमट होती.